दाखवायचे दात, छापायचं कार्ड

भूममध्ये नवा दवाखाना टाकणाऱ्या दंतवैद्याला सगळ्यात अवघड जातं ते व्हिजिटिंग कार्ड. खुर्चीचं सोपं असतं. ती खोक्यातून येते, जोडणारा माणूस बरोबर येतो आणि कुठलं बटण दाबलं की पेशंट आडवा होतो एवढं कळलं की भागतं. कार्ड मात्र जेमतेम साडेतीन इंच बाय दोन इंच. तेवढ्यात डॉक्टरांना कुलदैवत, स्वतःचं नाव, कॉलेजातली पाच वर्षं, बायकोची डिग्री, यच्चयावत उपचार, दोन मोबाईल नंबर, पत्ता, एक सुविचार आणि एक दात बसवायचा असतो. अक्कलदाढ यायला लागल्यावर जबड्यात जी दाटी होते, ती इथं पहिल्या दिवसापासून असते. आणि इथलं काही उपटून टाकायला डॉक्टर स्वतः तयार नसतात.

तसं आमचं गाव दातांच्या बाबतीत अडाणी नाही. बाजारात शेळी घ्यायला आलेला माणूस आधी तिचा ओठ ओढून बघतो. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेली, एवढ्यावर किंमत ठरते. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं आणि म्हणून तिला कुणी इम्प्लांट सुचवत नाही. जनावराचं कार्ड त्याच्या तोंडातच छापलेलं असतं. माणसाची तऱ्हा निराळी. तो तोंड मिटून दवाखान्यात येतो आणि ‘काय होतंय?’ म्हटलं की गालावर हात ठेवून छताकडं बघतो.

पूर्वी दात काढणाऱ्यालाही कार्ड लागत नसे. रस्त्याकडेला फडकं अंथरायचं. त्यावर चिमटा, दोन-चार कवळ्या आणि काढलेल्या दातांचा ढीग. ढीग जेवढा मोठा, तेवढा अनुभव दांडगा. युरोपातल्या जत्रांमधून हेच चालायचं. तिथले दात उपटणारे तर दातांच्या माळा गळ्यात घालून हिंडत. हे पाहता आजचे डॉक्टर कार्डावर एकच दात छापतात, ही संयमाची कमाल म्हणायला हवी. पुढं पिएर फोशार नावाच्या फ्रेंच माणसानं १७२८ मध्ये दातांच्या शस्त्रक्रियेवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि दात जत्रेतून वैद्यकात आले. आपल्याकडं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. ढीग गेला, डिग्री आली. डिग्री आली तसं ती कुठंतरी छापणं आलं.

धंद्याच्या दृष्टीनं म्हणाल तर जागा नामी आहे. भूम तालुका खव्याचा. गावोगाव भट्ट्या, कढईत आटणारं दूध आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव पार पुण्या-मुंबईपर्यंत. कुंथलगिरी खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या मातीत पेढा पिकतो, त्या मातीत दंतवैद्याला मरण नाही. त्यात मिश्रीची भर. तव्यावर करपवलेली तंबाखू बोटानं हिरड्यांवर फिरवत अर्धी सकाळ घालवणारी आजी तुम्हाला ठणकावून सांगते, की मी रोज दात घासते, तुझ्यासारखी चहाआधी चूळ भरून मोकळी होत नाही. थोडक्यात, इथं पेशंट आणायला कार्डाची गरज नसते. गोडधोड आणि मिश्री मिळून ते काम बिनबोभाट करतात. तरी कार्ड छापावं लागतं, कारण शेजारच्या डॉक्टरनं छापलेलं असतं.

कार्ड छापायचं म्हणजे डीटीपीवाल्याकडं जायचं. डीटीपीवाला हा गावातला खरा साहित्यिक. वाढदिवसाचा फ्लेक्स, दशक्रियेची पत्रिका, दूध डेअरीचं बिलबुक आणि दंतवैद्याचं कार्ड एकाच संगणकावर, एकाच दुपारी, त्याच चार फॉन्टांत तो उरकतो. डॉक्टर मोबाईलवर परदेशातल्या एखाद्या दवाखान्याचं कार्ड दाखवतात. पांढरं स्वच्छ, मध्ये बारीक नाव, बाकी कोरं. डीटीपीवाला त्याकडं बराच वेळ बघतो. त्याला डॉक्टरांची दया येते.

“सर, हितं लई मोकळं दिसायलंय.”

“मोकळंच राहू द्या. तसंच पाहिजे.”

“आवो, पैसे सगळ्या कार्डाचे दिलेत न्हवं? मग आर्धं कार्ड कशाला सोडायलाव? गुलाबाचं फूल टाकू का?”

“दाताच्या दवाखान्यात गुलाबाचं फूल?”

“बरं, मग दातच टाकतो. हसरा टाकू का रडका?”

असा तो लोगो जन्माला येतो. एक दाढ. खाली दोन मुळं, म्हणजे ती खालच्या जबड्यातली असावी. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात, पण एवढा अभ्यास डीटीपीवाल्याच्या अंगात नसतो. या दाढेला दोन हात फुटलेले असतात. एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. दाढेला डोळे आहेत, हसरं तोंड आहे, आणि त्या तोंडात दात आहेत. म्हणजे दाढेच्या तोंडात दाढा आल्या. उद्या त्यातली एखादी किडली तर ही दाढ कुठल्या डॉक्टरकडं जाणार, आणि त्या डॉक्टरच्या कार्डावर कुणाचं चित्र असणार, या विचारानं माझी रात्रीची झोप उडालेली आहे.

दुसरी जात फोटोच्या कार्डांची. त्यावर एक गोरीपान परदेशी बाई हसत असते. तिचे दात इतके सारखे, इतके पांढरे असतात, की तिला दंतवैद्याची गरज कधीच पडली नसणार हे उघड दिसतं. तिला बघून आमच्याकडच्या माणसाला धीर येण्याऐवजी संकोच वाटतो. आपले तंबाखूनं तांबूस झालेले चार खांब घेऊन या बाईच्या दवाखान्यात जायचं म्हणजे कसं, असं वाटून तो आधी घरी जाऊन चूळ भरतो आणि मग येतच नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, की कार्डावर फोटो छापायचाच असेल तर गालाला रुमाल बांधलेल्या माणसाचा छापावा. आपला माणूस तिथं आहे, एवढं तरी पेशंटला कळेल.

कार्डाच्या माथ्यावर देव हवाच. कुणाची येरमाळ्याची येडाई, कुणाची तुळजाभवानी, आणि ज्यांना ठरवता येत नाही त्यांचे गणपती. दंतवैद्याच्या कार्डावर गणपती पाहिला की मला डॉक्टरांच्या श्रद्धेचं कौतुक वाटतं. साक्षात एकदंत! तुटलेला दात घेऊन युगानुयुगं वावरला, पण कॅप बसवायला कधी कुणाकडं गेला नाही. असं गिऱ्हाईक डोक्यावर घेऊन धंदा करायला मोठं मन लागतं.

देवाखाली नाव आणि नावाखाली डिग्र्या. बीडीएस ही तीन अक्षरं चार वर्षांच्या अभ्यासाची आणि एका वर्षाच्या इंटर्नशिपची. पण तीन अक्षरांत डॉक्टरांचं समाधान होत नाही. मग दोन दिवसांच्या वर्कशॉपांची प्रमाणपत्रं येतात. ओळ वाढते, अक्षर बारीक होतं, आणि शेवटी अशी वेळ येते की डिग्र्या वाचायला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं लागतं. एमडीएस झालेल्यांचा प्रश्न वेगळा. दंतवैद्यकात एमडीएसच्या नऊ शाखा आहेत आणि एकाही शाखेचं नाव तोंड वेडंवाकडं केल्याशिवाय उच्चारता येत नाही. हिरड्यांच्या डॉक्टरला पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, मुळांच्या डॉक्टरला एंडोडॉन्टिस्ट, आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणाऱ्याला मॅक्सिलोफेशियल सर्जन. यातला शेवटचा शब्द कार्डावर छापून एका डॉक्टरांनी ओळखीत वाटला, तर लग्नसराईत दोन बायका विचारायला आल्या, “फेशियलचं काय घेताव?”

आता यात कायदा काय म्हणतो, तेही बघितलं पाहिजे. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटला तोही १९४८ सालीच, १७ सप्टेंबरला. आम्ही मोकळे झालो त्याच वर्षी दंतवैद्यांना वेसण बसली. पुढं दंत परिषदेनं २०१४ च्या आचारसंहितेत पाटीचे नियम घातले. पाटी भलतीच मोठी नको. तिच्यावर नाव, विद्यापीठाची किंवा तशाच अधिकृत संस्थेची पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक आणि तो देणाऱ्या राज्य परिषदेचं नाव. त्यापलीकडं काही नको. औषधाच्या चिठ्ठीवरही तेवढंच. मेडिकलच्या दुकानावर आपली पाटी लटकवायची नाही. जाहिरातबाजी करून पेशंट ओढायचे नाहीत. आता तर परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. पाटीला आणि चिठ्ठीला जे लागू, तेच कार्डानं पाळलं तर कुणाचंच बिघडत नाही. गंमत अशी की कायद्याला हवी असलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे नोंदणी क्रमांक, नेमकी कार्डावर सापडत नाही. कारण तिथं दाढेचा वर केलेला अंगठा आलेला असतो.

उपचारांची यादी हा मुद्रितशोधकाच्या परीक्षेचा प्रांत. ‘दात न दुखवता काढून मिळेल’ या ओळीतला ‘न’ डीटीपीवाल्याच्या हातून गळतो आणि हजार कार्डं छापून येतात. मल्टिकलर कार्डांचं गणितच असं आहे, की मोठ्या शहरातल्या छापखान्यात अनेकांची कार्डं एका मोठ्या कागदावर एकत्र छापून मग कापतात. त्यामुळं शंभर छापून बघू, असं म्हणायची सोय नसते. चुकलं तर हजारात चुकतं. अशी ‘दात दुखवून काढून मिळेल’ छापाची कार्डं वाटली गेल्यावर डॉक्टर खचतात, पण गाव खचत नाही. उलट पारावर चर्चा होते, “त्यो डॉक्टर खरं बोलायलाय बगा. बाकीचे आधी सांगत न्हाईत.”

पत्त्याचं तर विचारू नका. भूममध्ये प्रत्येक दवाखाना एसटी स्टँडसमोर असतो. स्टँडला चारी बाजूंनी मिळून जितकी समोरची जागा आहे, तिच्या कितीतरी पट दवाखाने कार्डांवर तिच्यासमोर थाटलेले आहेत. मग दुसरी खूण द्यावी लागते: अमक्या बँकेच्या वर. मग बँक जागा बदलते आणि डॉक्टर अधांतरी राहतात. इंग्रजीत पत्ता लिहायचा तर भूमला यू लावायचा की दोन ओ, यावर नवरा-बायकोचं एकमत होत नाही. हे सगळं जुळून कार्डांचा गठ्ठा घरात येतो न येतो, तोवर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. ‘जि. उस्मानाबाद’ छापलेल्या गठ्ठ्यांचं काय करायचं? कुणी बॉलपेननं खोडून वर धाराशिव लिहिलं, कुणी रबरी शिक्का करून घेतला, कुणी जुनी कार्डं फक्त जुन्या पेशंटला द्यायची असा तोडगा काढला. या सगळ्यात एक शेळी तेवढी निर्धास्त राहिली. ती अजून उस्मानाबादी आहे, कारण तिला कार्ड छापावं लागत नाही.

हल्ली कार्डावर क्यूआर कोडही आला. तो स्कॅन केला की दवाखान्याचा नकाशा उघडतो, अशी डॉक्टरांची कल्पना. पण आमच्याकडं क्यूआर म्हणजे पैसे. चहाच्या टपरीवर, केळीच्या गाड्यावर, सगळीकडं तो पैशासाठीच लावलेला. तेव्हा पेशंट तो कोड पैशाच्या ॲपमधून स्कॅन करतो आणि घरूनच फोन लावतो, “डॉक्टरसाहेब, पैसे जाईनात. काय करू?” दात न बघता फी द्यायला निघालेल्या या सज्जनाला नकाशा समजावून सांगण्यात डॉक्टरांची दुपार जाते.

बाहेरगावाहून ठरावीक वारी येणाऱ्या तज्ज्ञांच्या कार्डावर ‘दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतील’ असं छापलेलं असतं. दाताला दुसरा रविवार कळत नाही. तो हमखास तिसऱ्या सोमवारी पहाटे उठतो.

आणि एवढ्या कष्टानं छापलेलं कार्ड पेशंटच्या घरी जाऊन करतं काय? काही कार्डं खुंटीवरच्या कॅलेंडरमागं जातात. काही आधार आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून बसतात. एक कार्ड डळमळत्या टेबलाच्या पायाखाली जातं आणि तिथं ते खरोखर उपयोगी पडतं. पण कार्डाचा सर्वांत मोठा उपयोग जत्रेच्या दिवशी होतो. मटणाचं जेवण झालेलं असतं. दाढेत धागा अडकलेला असतो. खिशात हात जातो, कार्ड निघतं, त्याचा कोपरा दुमडला जातो आणि दंतवैद्याचं नाव, पदवी, दैवत सगळं एकदम दाढेपर्यंत पोहोचतं. जाड, लॅमिनेशन केलेलं कार्ड या कामाला निरुपयोगी, हिरडी कापते. साधं कार्ड बरं. लॅमिनेशनचे पैसे वाचवणाऱ्या डॉक्टरांनी नकळत केलेली ही लोकसेवा आहे. तिचा मोबदलाही त्यांना मिळतो, कारण कोपऱ्यानं कोरलेली दाढ महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्याकडंच येते.

आतापर्यंत आपण कार्डाची पुढचीच बाजू पाहिली. ते दाखवायचे दात. खायचे दात मागं असतात, पण मागं डॉक्टर लक्ष देत नाहीत. तिथं कुणी सुविचार छापतं, कुणी शाखांची यादी, कुणी वर्षाचं कॅलेंडर. वास्तविक पुढच्या भेटीची तारीख आणि वेळ लिहायला चार रेघा मारल्या तर कार्ड वर्षभर जपून ठेवलं जाईल. रूट कॅनॉलला दोन-तीनदा यावं लागतं. पहिल्या खेपेला ठणका थांबतो आणि ठणक्याबरोबर पेशंटही थांबतो. तारीख लिहिलेलं कार्ड घरातल्या सुनेच्या हाती पडलं, तर दुसऱ्या खेपेला ती सासऱ्याला धरून आणते. कुठल्याही सुविचारात ही ताकद नाही.

तारखेशेजारी डॉक्टर दाताचा नंबर लिहितात. त्यानंही थोडा घोळ होतो. जगभरचे बहुतेक दंतवैद्य दातांना दोन आकडी नंबर देतात. तोंडाचे चार भाग. पहिला आकडा भागाचा, दुसरा त्या भागातल्या दाताचा. त्या हिशेबानं खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. पण हे पेशंटला कोण सांगणार? तो घरी जाऊन कार्ड वाचतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिंताग्रस्त चेहऱ्यानं डॉक्टर मॅडमच्या दारात उभा.

“म्याडम, छत्तीस नंबरचा दात किडलाय म्हणून लिवलंय. पर मानसाला बत्तीसच असत्यात न्हवं?”

“अहो काका, तो मोजून आलेला नंबर नाही. खालची डावी बाजू तिसरी, त्यातला सहावा.”

“आन् ह्यो अठ्ठेचाळीस?”

“ती अक्कलदाढ. उजवीकडची. ती काढावी लागेल.”

“काढा म्याडम. बत्तीसाच्या वर सोळा कशाला ठिवायचे?”

अक्कलदाढ इतक्या आनंदानं कुणी काढून दिली नसेल. मॅडमनी यातून धडा घेतला. आता त्या कार्डाच्या मागं दोन जबड्यांचं साधं रेखाचित्र छापून घेतात आणि बिघडलेल्या दाताभोवती पेननं गोल करतात. गोल सगळ्यांना कळतो. त्या चित्राला हात नाहीत, पाय नाहीत, हसरं तोंड नाही, आणि माझ्या पाहण्यातलं ते सगळ्यात उत्तम डिझाइन आहे.

मागच्या बाजूला अजून एक ओळ मी आग्रहानं सुचवीन आणि ती विनोदाची नाही. बार्शीला ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदवही १९८७ पासून ठेवली जाते. देशातली अशी पहिलीच. तिच्यात बार्शीबरोबर परंडा आणि भूम हे आमचे तालुकेही आहेत. तंबाखू, मिश्री आणि गुटखा तोंडात काय करतात, हे आमच्या भागाला वहीतून वाचावं लागत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या रस्त्याकडेला आजही पडलेल्या आहेत. तोंडात पहिल्यांदा डोकावणारा माणूस दंतवैद्यच असतो. तेव्हा सुविचाराच्या जागी एवढंच छापावं: तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दुखत नसला तरी दाखवा. या एका ओळीसाठी कार्डाची सगळी छपाई वसूल आहे.

तेव्हा दंतवैद्य मंडळींनो, पुढच्या बाजूला नाव, खरी डिग्री, नोंदणी क्रमांक, वेळ आणि आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल असा एकच मोबाईल नंबर. उरलेली जागा मोकळी सोडा आणि डीटीपीवाल्याच्या दयेला बळी पडू नका. मागची बाजू बिनचकाकीची ठेवा, म्हणजे पेन उठेल. आणि वाचकहो, तुमच्या घरी कॅलेंडरमागं असं एखादं कार्ड नक्की असेल. ते काढा, मागं कुठली तारीख लिहिली होती बघा, आणि कोपरा दुमडण्याआधी एकदा नंबर फिरवा.